भर दुपारचं ट्यूनिंग

बाबा, आज दुपारी गाडीने नॉक मारली आणि तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. सीताबर्डीचा चढ, दुसरा गिअर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि इंजिनातून ती टकटक, पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवावेत तशी. मागच्या सीटवर माय होती, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेली. ती तिच्या त्या जड जिभेने सावकाश म्हणाली, "ठिणगी लवकर पडून राहिली वं. तुह्या बापानं आयकलं असतं तं रडला असता." आणि हसली. मला कसलं हसू येतंय! माझ्या हातांच्या घामाने स्टिअरिंग निसटत होतं आणि मी मनातल्या मनात गाडीच्या हातापाया पडत होते, की बाई, इथे बंद पडू नकोस, निदान झाडापर्यंत तरी चल.

हो, मी गाडी चालवते. बसतोय का विश्वास? तुमची भित्री भागूबाई, जी पाल दिसली की खाटेवर चढून बसायची आणि फटाक्यांच्या दिवसांत कानात कापूस घालून फिरायची, ती मे महिन्यात नागपुरात गाडी चालवते. हौस म्हणून नाही हो. तुमचे जावई नोकरीमुळे सदा फिरतीवर, जुनी गाडी दारात उभी, आणि मायला दर आठवड्याला रामदासपेठेत डॉक्टरकडे न्यावं लागतं, हातांच्या व्यायामासाठी. डॉक्टर भेटतात दुपारीच. ऑटोत बसवलं तर गरम वाऱ्याचा भपकारा थेट तिच्या तोंडावर येतो. तिला त्याचं काही नाही, "काय होते उन्हानं?" म्हणते. मला होतं. म्हणून शिकले. गाडीत मी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवते, एक मायची आणि एक गाडीची. झाकणं वेगळ्या रंगांची आहेत, म्हणजे घाईत चूक व्हायला नको. तुमचे जावई हसतात. हसोत बापडे.

तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतं, की ट्यूनिंग कधी केली आणि कुठे केली. सांगते. मेकॅनिककडून केली, मार्चमध्ये, सकाळच्या गार वेळी, त्याच्या शेडमध्ये. झालं? आता मारा कपाळावर हात. मी त्याला म्हटलं होतं हो, की दुपारी कर, बाहेर काढून कर. तो म्हणाला, "मॅडम, ऊन में मेरेको पागल कुत्ते ने काटा क्या?" तुमचं नाव सांगून भांडायला हवं होतं, पण परक्या माणसाशी भांडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

तुमची तऱ्हाच वेगळी होती. होळी झाली, ऊन चांगलं तापायला लागलं, की एक दिवस तुम्ही तुमची टॅक्सी स्टँडवर न नेता खापरखेड्याला आपल्या खोलीसमोर उभी करायचात. समोर एवढा कडुलिंब, पण त्याच्या सावलीत नाही. भर उन्हात. आणि जेवणं झाल्यावर, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात त्या वेळी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बॉनेट उघडायचात. दिवाळीनंतर थंडी पडली की याच्या उलट. पहाटे, बोटं वाकत नाहीत अशा गारठ्यात, अंगावर घोंगडी घेऊन. शेजारीपाजारी हसायचे. माय दारातून ओरडायची, "येडे झाले का जी तुमी? सावली काय विकत आणा लागते?" आणि तुम्ही इंजिनात डोकं खुपसूनच म्हणायचात, "गाडीले ज्या हवेत पळायचं हाये, त्याच हवेत तिचा कान पिळा लागते. सावलीत लावलेली गाडी उन्हात खोटं बोलते."

मी ओट्यावर बसून सगळं ऐकायची. तुम्हाला बोलायला कोणी तरी लागायचं, मग माझ्याशीच बोलायचात. गरम हवा पातळ असते, तिच्यात दम कमी, थंडीच्या हिशेबाने पेट्रोल पाजलं तर तिला ते झेपत नाही, काळा धूर टाकते. म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू जरासा आवळायचा. आणि चारी प्लगांना ठिणगी वाटणारी ती गोल डबी, डिस्ट्रिब्युटर, ती केसभर फिरवून ठिणगी थोडी उशिरा पाडायची. कारण तापलेल्या इंजिनात पेट्रोल आधीच पेटायला टपलेलं असतं. ठिणगीने घाई केली की नॉक मारते, नॉक मारली की तापते, तापली की आणखी नॉक मारते. हे सांगताना तुम्ही स्क्रू फिरवायचा लाकडी मुठीचा तो लांब पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. मला इंजिनाचीच भीती वाटायची. एकदा धीर करून मी जवळ आले, वाकून पाहिलं, आणि माझी वेणी फिरत्या पंख्याकडे झुकली. तुम्ही मला अशी थोबाडीत ठेवून दिली की मी ओट्यापर्यंत भेलकांडत गेले. जन्मात तेवढी एकच. मी रडायचं विसरून तुमच्याकडे बघत राहिले, कारण तुमचा हात थरथरत होता. बाबा लोक पण घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळल्यावर माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली.

आणि मग ते वर्ष. त्या वर्षी होळीनंतर गारा पडल्या, आठवतं ना? आंब्याचा मोहोर सगळा खाली, आणि हवा अशी गार की मायने पेटीतून स्वेटर परत काढले. लग्नसराई तोंडावर होती, वरातीची भाडी ठरलेली, गाडीला पुढे एक दिवस सुट्टी मिळायची नव्हती. तुम्ही म्हणालात, आज करून टाकतो, ऊन पडलं की पुन्हा पाहीन. आणि त्या गारठ्यातच उन्हाळ्याचं ट्यूनिंग उरकलंत. मग ऊन पडलं. असं पडलं की दाराच्या कडीला हात लावता येईना. पण तुम्ही नवरदेव पोचवत होतात, करवल्या पोचवत होतात, तुमचं ते 'पुन्हा' राहून गेलं. चढावर गाडी टकटक करायची, तुम्ही मान तिरपी करून ऐकायचात आणि म्हणायचात, "करतो बापा, उद्या करतो."

त्या दिवशी माय तिच्या बहिणीकडच्या मांडवातून दुपारी पायी परत आली. तुम्ही भाडं घेऊन गेलेले. ऊन लागू नये म्हणून पदराला कांदा बांधलेला होता, डोक्यावरून पदर होता, सगळं होतं. ती आली, भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "अंगणात केवढं पाणी साचलं वं. तुह्या बापाले सांग, गाडी बुडन." मी अंगणात पाहिलं. धूळ होती. मी तिच्या हाताला हात लावला आणि चटकन काढून घेतला, तव्याला लागावा तसा. घामाचा एक थेंब नाही. मी ओरडत शेजारी गेले, शेजारचे कंपाउंडर धावत आले, कैरीचं पन्हं कोणी आणलं ते तिने ओकून टाकलं. तेवढ्यात तुमची गाडी दाराशी लागली. कंपाउंडर म्हणाले, "इथं काही होत नाही. नागपूरले न्या, मोठ्या दवाखान्यात, आत्ताच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, डोक्यावरचं फडकं सुकू द्यायचं नाही. सुकलं का भिजव, सुकलं का भिजव. समजलं?" मी मान हलवली. बाबा, मी जेमतेम चौथीतली पोर. मायचा जीव त्या फडक्यात आहे एवढंच मला समजलं.

मी मागच्या सीटवर आहे. मायचं डोकं माझ्या मांडीवर. फडकं तिच्याच जुन्या लुगड्याचं. बंपरला टांगलेली छागल, ती जाड कापडाची पाण्याची पिशवी, तुम्ही सोडून माझ्या हातात दिली आहे. मी फडकं भिजवते, कपाळावर ठेवते, हात काढेपर्यंत ते कोमट होतं. माय लग्नातली गाणी म्हणतेय, मध्येच कोणाला तरी शिव्या देतेय, जिने जन्मात कोणाला 'अरे' म्हटलं नाही ती माय. गाडी टकटक करत पळतेय. आणि रेल्वेचं फाटक बंद. कोळशाची मालगाडी, डबे संपता संपत नाहीत. तुमचा पाय ॲक्सिलेटरवर, नजर तापमानाच्या काट्यावर. "बंद केली तं लागत नाही मग," तुम्ही स्वतःशीच म्हणता. बॉनेटवरची हवा हलताना दिसते. डबे जातात, फाटक उघडतं, गाडी रूळ ओलांडते, फाटक मागे नजरेआड होतं, आणि मग, जिथे ना झाड ना घर, ती दोनदा आचके देते आणि बंद पडते. इतकी शांतता मी त्याच्या आधी कधी ऐकली नव्हती, आणि नंतरही नाही.

तुम्ही बॉनेट उघडलंत. मला तुमचा आवाज आला, "उकळलं पेट्रोल." मला वाटलं आता स्फोट होणार, आपण सगळे जळणार. मी मायवर ओणवी झाले. मला काय ठाऊक की पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ अडली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, एवढंच. पंप गार झाल्याशिवाय गाडी लागत नाही. तो गार होणार कसा त्या आगीत? तुम्ही मागच्या दाराशी आलात, छागल उचलून पाहिली. तिच्यात तळाशी थोडं पाणी होतं. तुम्ही तसेच उभे राहिलात, हातात छागल धरून. मायकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलंत. आणि मग हात घालून मायच्या कपाळावरचं फडकं उचललंत.

"बाबा, ते मायचं हाये!" मी किंचाळले. तुम्ही गेलात. मी मायचं डोकं सीटवर टाकून तुमच्यामागे पळाले. तुम्ही ते फडकं पेट्रोलच्या पंपाला गुंडाळत होतात आणि त्यावर छागलीतलं पाणी ओतत होतात, आणि मी दोन्ही मुठींनी तुमची पाठ बडवत होते. "मायचं पाणी हाये ते! सुकू देऊ नको म्हणे! मायले द्या ना जी, मायले द्या!" पंपावर पाणी चर्रर्र वाजलं, त्याची वाफ तुमच्या तोंडावर आली. तुम्ही वळला नाहीत. एवढंच म्हणालात, "गाडी नाही चालली तं माय इथंच मरन. जाय, पदरानं वारा घाल. भेऊ नको." 'भेऊ नको' म्हणताना तुमचे दात वाजत होते. त्या उन्हात, बाबा, तुमचे दात वाजत होते.

मी परत गेले. मायचे डोळे वर गेले होते, हात आखडून छातीशी आले होते. मी तिच्याच पदराने वारा घातला, गरमच वारा. मी तिच्या कपाळावर थुंकी लावली. काय करणार होते? रडू आलं नाही, ते पाणी तरी कामाला आलं असतं. समोर तुम्ही पाना लावून डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केलात आणि ती तापलेली डबी उघड्या हाताने फिरवलीत. फडकं पंपावर, दुपट्टा रेडिएटरच्या झाकणावर, हाताला गुंडाळायला काही उरलं नव्हतं. मी बॉनेटखालच्या फटीतून पाहत होते. तुम्ही ओरडला नाहीत. नट आवळला, स्क्रू आवळला, येऊन सीटवर बसलात आणि स्टार्टर मारलात. नाही. पुन्हा मारलात. नाही. तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकवून काही तरी पुटपुटलात, देवाधर्माचं नव्हे, आपल्या घरात ते नव्हतंच, गाडीशीच बोललात बहुतेक. आणि ती लागली.

बाबा, तिने नॉक मारली नाही. तिथून नागपूरपर्यंत, चढावरसुद्धा, एकदाही नाही. होळीपासून राहून गेलेलं ते 'पुन्हा' तुम्ही त्या रस्त्यावर, त्या हवेत, एका जळालेल्या हाताने करून टाकलंत, आणि त्या पूर्ण उन्हाळ्यात गाडी इतकी गोड कधी चालली नव्हती. मला तिचा इतका राग आला की अजून सांगता येत नाही.

माय वाचली. घरी आली तेव्हा तिचे हात कापत होते आणि जीभ जड झाली होती, ते तसंच राहिलं. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, अंग गार करणं मध्ये किती वेळ थांबलं होतं? तुम्ही पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिलात. मी तुमच्याकडे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग मायने तिची गोष्ट रचली. येईल-जाईल त्याला सांगायची, "म्याच काढून देल्लं फडकं. म्हटलं, घ्या जी, पंपाले लावा, मले काही होत नाही." बाया पदर तोंडाला लावायच्या, काय नशिबाची बाई म्हणायच्या. आणि तुम्ही, पाणी पीत असाल किंवा विडी वळत असाल, हात थांबवून माझ्याकडे बघायचात. कारण तिथे शुद्धीवर असलेली मी एकटीच होते. तिचे हात तेव्हा छातीशी आखडलेले होते, ती कोणाला काय काढून देणार! ती हे तुमच्यासाठी सांगत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, मला आजही ठाऊक नाही. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही. दर उन्हाळ्यात मात्र तुम्ही गाडी उन्हात काढायचात, काम झालं तरी बॉनेटपाशी उभे राहायचात, आणि माय आता दारातून ओरडायची नाही. माझ्या लग्नात भांड्यांबरोबर तुम्ही तो लाकडी मुठीचा पेचकस दिलात. सासरचे खो खो हसले. मी हसले नाही, मला त्याचीही भीती वाटली. तुम्ही एका थंडीत झोपेतच गेलात, पहाटे, गाडीला चोक ओढून तापवायच्या वेळेला.

मायचे हात त्या रस्त्यावर गेले, की मांडवातून येतानाच गेले होते? रामदासपेठेतल्या डॉक्टरांना मी आता हे सहज विचारू शकते. शिकलेली आहे, शब्द माहीत आहेत. दर आठवड्याला ठरवते, समोर बसले की तोंडातून "बरं वाटतंय आता तिला" एवढंच निघतं. उत्तर काहीही आलं तरी मला ते नको आहे.

उद्या डॉक्टरकडे जायचं नाही. उद्या दुपारी, जेवणं झाली की, मी गाडी सावलीतून बाहेर काढणार आहे. तुमचा पेचकस काढून पुसून ठेवलाय. स्क्रू कुठला ते येतं, डबी केसभर फिरवायची तेही येतं, वेणी आता नाहीच, अंबाडा घट्ट बांधीन. हात आत्तापासूनच गार पडलेत. मायला सांगितलं तर म्हणाली, "मी येते ना बाहेर, तुह्याजवळ बसते." मी तिला बाहेर येऊ देणार नाही. हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. जरा जाड आहे, ठिणगीच्या डबीतले पॉइंट काजळले की तुम्ही त्यांच्या फटीतून पोस्टकार्डाची पट्टी ओढून ते पुसायचात ना, तशी याचीही एक पट्टी उद्या उपयोगी पडेल. फक्त एक सांगायचं राहिलं, ते घरात कोणाला माहीत नाही. सकाळी नळाची धार बारीक असते, कधी बंद होईल नेम नसतो. त्या दोन बाटल्यांमधली गाडीची मी आधी भरते.